वाचक विचारतात: लढाई संपल्यावर गोळ्या कायले?

गेल्या अंकात रस्त्याच्या कडेला ज्या इतिहासाच्या पाट्या असतात त्यावर प्रश्न मागवले होते. बरीच पत्रं आली, व्हॉट्सअपवरही आली. त्यातली काही निवडली आहेत, वाचकांची भाषा जशीच्या तशी ठेवली आहे, उगाच प्रमाण करत बसलो नाही.

प्रश्न: नमस्कार सर. आमचा पोट्टा नोकरीपायी अमेरिकेत फ्लोरिडात हाय. सुट्टीत फोर्ट क्लिंच नावाच्या जुन्या किल्ल्याकडे फिराले गेला तं जातानी रस्त्याच्या बाजूनं पाटी दिसली म्हणे. यादवी युद्ध संपल्यावर सहा काळ्या सैनिकायले १ डिसेंबर १८६५ ले इथं गोळ्या घातल्या, असं काहीतरी लिहेल होतं. मले एकच कयलं नाही, लढाई तं संपली होती, मंग गोळ्या कायले? ते हरलेल्या बाजूचे होते काय?
*(एक निवृत्त मास्तर, देवळी तालुका)*

उत्तर: नाही ना मास्तर, तेच तर दुखणं आहे. ते जिंकलेल्या बाजूचे होते.

थोडं मागून सांगतो. अमेरिकेतलं यादवी युद्ध एप्रिल १८६१ ला पेटलं. गुलामगिरी टिकवायची म्हणून दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली आणि उत्तरेनं त्यांना फुटू द्यायचं नाही म्हणून लढाई. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला. काळ्या माणसांना उत्तरेच्या फौजेनं आधी दारातच उभं केलं नव्हतं, पण १८६३ पासून भरती जोरात झाली आणि आकडा गेला जवळपास १ लाख ७९ हजारावर. त्यातलीच एक ही पलटण, थर्ड युनायटेड स्टेट्स कलर्ड ट्रूप्स. फिलाडेल्फियाजवळच्या कॅम्प विल्यम पेनमध्ये १८६३ ला उभी राहिली, शिपाई सगळे काळे, साहेब सगळे गोरे. साउथ कॅरोलिनात फोर्ट वॅग्नरच्या वेढ्यात राबली, मग फ्लोरिडात आली आणि युद्ध संपल्यावर जॅक्सनव्हिल गावात पहाऱ्यावर राहिली.

आता तारखा बघा. ३१ ऑक्टोबर १८६५ ला पलटण मोडून सगळ्यांना घरी सोडायचं ठरलेलं होतं. आणि २९ ऑक्टोबरला, रविवार होता तो, एका शिपायानं भटारखान्यातून काकवी चोरली. काकवी राजेहो, बंदूक नाही, दारूगोळा नाही. पलटणीवर लेफ्टनंट कर्नल जॉन ब्राउअर हा नवाच साहेब आला होता, लढाईचा अनुभव नसलेला, आणि त्यानं शिक्षा फर्मावली की याला अंगठ्यांनी टांगा. म्हणजे दोन्ही हातांच्या अंगठ्यांना दोरी बांधून वर ओढायचं, पाय जेमतेम जमिनीला टेकले तर टेकले, सगळं वजन त्या दोन अंगठ्यांवर. अमेरिकन फौजेत चाबकाचे फटके १८६१ लाच कायद्यानं बंद झाले होते, पण साहेब लोकांनी असले दुसरे उपाय शोधून ठेवले होते. गोऱ्या पलटणींतही हे चालायचं नाही असं नाही. पण ज्याचं अर्धं आयुष्य मालकाच्या दोरीत गेलं त्याला आपल्या माणसाला परत दोरीला लटकलेलं पाहून काय वाटलं असेल, हे सांगायला पाटी लागत नाही.

जेकब प्लाउडन नावाचा एक शिपाई होता, चाळिशी ओलांडलेला, आधी गुलाम होता. तो चारचौघांत बोलला की माणसाला असं बांधणं ही लाजेची गोष्ट आहे, गोऱ्या सैनिकाला असं कोणी बांधत नाही. लोक जमले, दोरी कापायला पुढं सरकले, तर ब्राउअरनं पिस्तूल काढून जमावावर गोळी चालवली. मग काय, काही जण तंबूकडे धावले आणि बंदुका घेऊन आले, दोन्हीकडून गोळीबार झाला, ब्राउअरचं बोट उडालं. दोरी शेवटी कापली गेली.

याला नाव पडलं म्युटिनी, म्हणजे बंड, आणि लष्करी कायद्यात बंडाला मरण. डझनभरापेक्षा जास्त जणांवर ताबडतोब कोर्ट मार्शल बसलं. बाकीची पलटण ठरल्या तारखेला मोकळी होऊन गेली, आणि महिनाभरात, १ डिसेंबरला, यातल्या सहा जणांना फोर्ट क्लिंचमध्ये उभं करून गोळ्या घातल्या. प्लाउडन त्या सहांत होता. उरलेल्यांपैकी बहुतेकांना कैद.

तुमचा खरा प्रश्न, लढाई संपल्यावर कसं काय? तर ली शरण आला म्हणजे कागदावर युद्ध संपलं असं नव्हतं. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनचा शेवटचा जाहीरनामा निघाला २० ऑगस्ट १८६६ ला, तोपर्यंत लष्करी कायदा युद्धाचाच गियर टाकून चालू होता. त्यामुळे दोन दिवसांनी घरी जाणारा शिपाईसुद्धा त्या दिवशी पूर्ण शिपाईच होता.

आणि आता दुसरी बाजू बघा, म्हणजे डोकं गरगरेल. हरलेल्या दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष जेफर्सन डेव्हिस साधारण दोन वर्षं कैदेत राहिला, मे १८६७ ला जामिनावर सुटला, त्याच्यावर खटला कधी उभाच राहिला नाही. रॉबर्ट ली तर एका कॉलेजचा अध्यक्ष झाला. दक्षिणेकडच्या मोजक्याच लोकांना फाशी झाली, त्यातला नाव घेण्यासारखा म्हणजे हेन्री वर्झ, अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीचा प्रमुख, जिथं जवळपास १३ हजार कैदी उपासमारीनं अन रोगानं मेले. त्याला १० नोव्हेंबर १८६५ ला वॉशिंग्टनमध्ये लटकवलं. म्हणजे ज्यांनी युद्ध पेटवलं ते म्हातारे होऊन मेले, आणि ज्यांनी युनिफॉर्म घालून ते युद्ध जिंकायला हात लावला त्यातल्या सहांना भिंतीशी उभं केलं. माझं विचाराल तर पाटीवर एवढी एक ओळ पाहिजेच होती.

अजून एक. या गोळ्या चालल्यावर पाचव्या दिवशी, ६ डिसेंबर १८६५ ला, तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं संपली. जोतिराव फुल्यांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ लिहिलं तेव्हा ते अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना सोडवलं त्यांना अर्पण केलं, हे तुम्ही शाळेत शिकवलंच असेल. मी त्या लोकांत या सहा जणांनाही धरतो, कोणी नाही म्हणो.

जाता जाता पगाराचंही सांगतो, कारण बंडाच्या मागं बहुतेक वेळा पगार नाहीतर पाठ असते. गोऱ्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर, काळ्याला १०, त्यातले ३ कपड्याचे कापून हातात ७. सार्जंट विल्यम वॉकर नावाच्या काळ्या सैनिकानं यावर आपल्या लोकांना शस्त्रं खाली ठेवायला लावली तर १८६४ च्या सुरुवातीला त्यालाही याच जॅक्सनव्हिलला गोळ्या घातल्या. आणि त्याच साली जूनमध्ये संसदेनं पगार सारखा केला! चार महिने आधी केला असता तर? असो.

प्रश्न: आमचा आजा सांगत होता का अमेरिकेत लढाई झाली म्हून वऱ्हाडात कापसाले सोन्याचा भाव आला होता. हे खरं हाय का नुसती गोष्ट?
*(कापूसवाला, खामगावकडचा)*

उत्तर: खरं आहे भाऊ, शंभर टक्के. आणि हा प्रश्न वरच्याच प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे म्हणून इथं घेतला.

इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसावर चालायच्या, आणि तो कापूस वेचायचा कोण तर गुलाम. लिंकननं १८६१ ला दक्षिणेच्या बंदरांना वेढा घातला, कापूस अडकला, गिरण्या बंद पडायला लागल्या. मग साहेबाला आपल्या वऱ्हाडाची आठवण झाली. १८५३ लाच निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आलेलं होतं. खामगाव, अमरावती, हिंगणघाट इथल्या बाजारात मुंबईचे दलाल येऊन बसले, भाव कुठल्या कुठं गेला. रेल्वे इकडं आली त्याच्यामागंही मोठा हात कापसाचा, नागपूरला गाडी पोचली १८६७ ला आणि खामगावची फाटा लाइन उघडायला १८७० ला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता.

पण तिकडं १८६५ ला ली शरण आला आणि इकडं भाव दणकन खाली. मुंबईत शेअरचा जो फुगा फुगला होता तो त्याच वर्षी जुलैत फुटला, प्रेमचंद रायचंदसारखा माणूस त्यात बुडाला, बँका बुडाल्या. शेतकऱ्याचं तर काय सांगायचं, भाव चढा होता तेव्हा ज्यांनी सावकाराचा पैसा उचलला त्यांचं उतरत्या भावात काय झालं असेल हे खामगावच्या माणसाला मी सांगू? म्हणजे ज्या एप्रिलमध्ये प्लाउडन अन त्याचे सोबती सुटलो म्हणून नाचले असतील त्याच एप्रिलची बातमी आपल्याकडं मंदी घेऊन आली. तिकडं ते अन इकडं आपला शेतकरी, एकमेकांचं नाव माहीत नाही.

प्रश्न: अमेरिकेत अशा पाट्या सरकार लावते का गावचे लोक?
*(बारावीचा विद्यार्थी, पुसद)*

उत्तर: दोन्ही. बहुतेक राज्यांची स्वतःची योजना असते, टेक्सासात तर त्यासाठी हिस्टॉरिकल कमिशनच आहे, आणि गावातल्या संस्था अर्ज करून, पुष्कळदा पैसे भरून पाटी बसवतात. म्हणून पाटी वाचताना आधी खाली बघायचं, कोणी लावली अन कोणत्या साली. दक्षिणेकडचे कितीतरी पुतळे अन शिळा युद्धानंतर लगेचच्या नाहीत, १८९४ ला युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी ही बायांची संघटना निघाली तिनं पुढच्या दोन-तीन दशकांत दणादण उभ्या केल्या, हरलेल्या बाजूचं गुणगान करायला. काळ्या सैनिकांच्या पाट्यांचा नंबर त्यामानानं लई उशिरा लागला.

प्रश्न: सर, मी आष्टी ते आलापल्ली रस्त्यावरच्या एका शाळेत शिकवते. वर्गात वीर बाबुराव शेडमाके यांचा विषय निघाला तेव्हा एका मुलीनं विचारलं, मॅडम त्यांना पकडून कोणी दिलं? मी उत्तर द्यायला कचरले कारण नाव आपल्याच भागातलं आहे. काय सांगावं?
*(एक शिक्षिका, गडचिरोली जिल्हा)*

उत्तर: ताई, सांगून टाका. पोरगी पाटीपेक्षा हुशार निघाली.

बाबुराव म्हणजे मोलमपल्लीच्या जमीनदाराचा मुलगा, १८३३ चा जन्म. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणायचे अन ते नुकतंच, नागपूरचं राज्य १८५४ ला खालसा झालं तेव्हा, इंग्रजांकडं गेलेलं होतं. उत्तरेत ५७ चा वणवा विझत आला असताना या पंचविशीतल्या माणसानं गोंड अन रोहिल्यांची फौज जमवली, मार्च १८५८ ला राजगड परगणा घेतला, १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ इंग्रजांच्या फौजेशी भिडला. आडपल्ली अन घोटचा जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाला. २९ एप्रिलला चिंचगुंडीला तारखात्याची दोन इंग्रज माणसं, गार्टलँड अन हॉल, मारली गेली, आणि मग डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टननं हात धुऊन पाठलाग सुरू केला.

जंगलात इंग्रजाला बाबुराव सापडत नव्हते. म्हणून क्रिक्टननं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दाब टाकला, आणि सप्टेंबरमध्ये बाबुराव त्यांच्याच मार्फत इंग्रजांच्या हाती लागले. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी. व्यंकटरावाची ६७ गावं जप्त होऊन अहेरीला बक्षीस गेली. व्यंकटराव पुढं पकडला गेला, त्याला जन्मठेप झाली.

आता तुमची अडचण. वर्गात कुठल्या घराण्याचं पोर बसलं असेल, कोण दुखावेल, ही भीती खरी आहे, गावात राहायचं असतं. पण मी असं सांगीन की बाईंचं नाव घ्या आणि त्यासोबत क्रिक्टनचंही नाव घ्या, दाब कोणी टाकला अन बक्षीस कोणी वाटलं हे सांगा. नुसतं ‘फितुरी झाली’ म्हटलं की इंग्रज बाजूला राहतो अन दोन गावं एकमेकांकडं बोट दाखवत बसतात. नागपुरात तरी काय वेगळं झालं, १३ जून १८५७ ला टाकळीच्या घोडदळातल्या सवारांनी उठाव ठरवला होता, बेत फुटला, पलटणीची शस्त्रं काढून घेतली, काही जण फासावर गेले. आणि भोसल्यांच्या वाड्यात बांकाबाई इंग्रजांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. यादवी म्हणा, उठाव म्हणा, फाशीचा दोर कोणाचा अन गाठ कोणी मारली हे दोन्ही लिहावं लागतं.

मुलांना सहलीला न्यायचं असेल तर चंद्रपूरला तुरुंगाजवळ तो पिंपळ दाखवतात जिथं फाशी दिली. आणि १२ मार्च २००९ ला टपाल खात्यानं बाबुरावांचं तिकीट काढलं होतं, त्याचा फोटो वर्गात लावा, खर्च काहीच नाही.

प्रश्न: मेलेल्या सैनिकाले शंभर वर्सानं माफी देऊन काय फायदा? उगाच राजकारण.
*(एक माजी सैनिक, बुलढाणा)*

उत्तर: सुभेदारसाहेब (हुद्दा पत्रात नव्हता, मी अंदाजानं म्हणतोय, रागवू नका), तुमचा राग समजतो. तरी दोन उदाहरणं ऐका.

१९१७ ला टेक्सासात ह्यूस्टनजवळ कॅम्प लोगनला काळ्यांची चोविसावी पायदळ पलटण होती. गावातल्या पोलिसांच्या मारहाणीवरून ऑगस्टमध्ये भडका उडाला, माणसं मेली, दोन्हीकडची मेली. पुढं १९ सैनिकांना फाशी झाली, त्यातले १३ एकाच सकाळी, ११ डिसेंबरला, अपील करायला वेळही दिला नाही. निकाल जगाला कळायच्या आधी माणसं पुरून झाली होती. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकन सैन्यानं स्वतः त्या खटल्यातल्या ११० शिक्षा रद्द केल्या, खटले नीट चालले नव्हते असं मान्य करून. इथं ‘माफी’ नाही, निकालच रद्द, फरक आहे. माफीत गुन्हा राहतो, रद्द केल्यावर नोंदीत इज्जतीनं सेवा केली असं लिहिलं जातं आणि वारसांना हक्काचे फायदे मागता येतात.

दुसरं, पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी पळून गेले, भ्याले म्हणून स्वतःच्याच सैनिकांना पहाटे गोळ्या घातल्या, त्यातल्या ३०६ जणांना २००६ च्या कायद्यानं माफी दिली. स्टॅफर्डशरला त्यांच्या नावाचे खांब उभे आहेत. त्यातले कित्येक जण तोफांच्या आवाजानं डोकं बिघडलेले होते, हे आज फौजेतला कुठलाही डॉक्टर सांगेल, आणि तुम्ही तर डोळ्यानं पाहिलं असेल. कित्येकांच्या बायकांना पेन्शन मिळाली नव्हती, घरच्यांनी पिढ्यानपिढ्या ते लपवून ठेवलं होतं. राजकारण असेलही, मी नाही म्हणत नाही. पण नातीनं आज्याचा फोटो पेटीतून काढून भिंतीवर लावला तर त्याला मी तरी फायदाच म्हणतो.

बाकी तुमच्या पत्रातलं ते वाक्य, की शिस्त ढिली पडली तर फौज राहात नाही, ते मला पटतं. पण काकवीसाठी अंगठे बांधणं ही शिस्त नव्हती ना साहेब.

प्रश्न: आमच्या फाट्यावर १९४२ च्या हुतात्म्यांची पाटी हाय. त्याच्यावर वाढदिवसाचे ब्यानर बांधतात, खर्रा खाऊन थुकतात. अर्ध्या नावाचा रंग उडाला. ग्रामपंचायत म्हणते रस्ता आमचा नाही. कोणाले म्हणाचं?
*(एक वाचक, वर्धा जिल्हा)*

उत्तर: आधी हे बघा की रस्ता कोणाचा आहे. जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा, हे कळल्याशिवाय अर्ज इकडून तिकडे फिरत राहतो. रस्ता कोणाचाही असो, ग्रामसभेत ठराव घेता येतो की पाटी दुरुस्त व्हावी अन तिच्यावर बॅनर बांधू नये, आणि तो ठराव जोडून त्या खात्याला पत्र द्यायचं, पोच घ्यायची, पोच न घेता परत यायचं नाही.

रंग देण्याच्या आधी नावं तपासा, हे महत्त्वाचं. तुमच्याच वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला (वरची गडचिरोलीकडची आष्टी वेगळी) १६ ऑगस्ट १९४२ ला गोळीबार झाला, तिकडं चिमूरलाही त्याच दिवशी पेटलं होतं, पुढं खटल्यात फाशीच्या शिक्षाही झाल्या अन देशभर ओरड झाल्यावर त्या टळल्या. अशा ठिकाणी गोळीबारात गेलेला कोण, फाशी सुनावलेला पण वाचलेला कोण, जेलात गेलेला कोण, हे पाटीवर सरमिसळ झालेलं असू शकतं. नागपूरला पुराभिलेख विभागाचं कार्यालय आहे तिथं जुने कागद बघायला मिळतात, जिल्ह्याचं गॅझेटियर बघा, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना आत्ताच विचारून घ्या. पेंटरला नावं कागदावर लिहूनच द्या, तोंडी सांगितली की तो ‘ऱ्ह’ अन ‘ह्र’ ची वाट लावतो, हे मी खात्रीनं सांगतो.

थुंकणाऱ्यांचं म्हणाल तर पाटी दोन फूट वर उचला. बॅनरवाल्यांचं मात्र सरपंचालाच सांगा, बहुतेक वाढदिवस त्याच्याच पोराचा असतो.